म्युलर म्हणजे गिरणीवाला!

परवा ते ढकलपत्र पुन्हा आलं. पूर्वी ते मेलवर यायचं, मग ऑर्कुटवर फिरलं, आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. मजकूर तोच. मॅक्समुल्लर हे नाव मुळात संस्कृत आहे, मॅक्स म्हणजे मोक्ष, मुल्लर म्हणजे मूल, म्हणजेच मोक्षाचं मूळ. जर्मनी म्हणजे शर्मण्यदेश. आणि तळाला नेहमीची ओळ, की अभिमान असेल तर दहा जणांना पाठवा.

मंडळी, मला अभिमान आहे, म्हणूनच मी हे पुढे पाठवत नाही.

पाठवणारा माणूस आमच्याच धंद्यातला, चांगला सीनियर आर्किटेक्ट. त्याच्यासमोर कोणी नुसतं फाइलचं नाव सारखं दिसतं म्हणून दोन फाइली एकच आहेत असं म्हटलं, तर हा त्याला फाडून खाईल. आतला मजकूर बघ, तारीख बघ, हिस्टरी बघ, म्हणेल. आणि हाच माणूस "म्युलर" आणि "मूल" कानाला सारखे लागले की हात जोडून उभा! तर या शनिवारी म्हटलं, एका आडनावाची हिस्टरी नीट काढूनच बघू.

जर्मन म्युलर म्हणजे गिरणीवाला. दळण दळून देणारा. यात कसलंही गूढ नाही, कुठलाही जर्मन शाळकरी पोरगा सांगेल. आजच्या जर्मन भाषेतही गिरणीवाल्याला हाच शब्द आहे. पण शब्द इथवर आला कसा, ते बघण्यासारखं आहे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये गिरणीला "मोलिना" आणि गिरणीवाल्याला "मोलिनारियुस" म्हणत. तो शब्द जुन्या जर्मनमध्ये "मुलिनारी" झाला. पुढे इसवी सन १२०० च्या आसपासच्या जर्मनमध्ये त्याचा "म्युल्नेरे" झाला, मग न हा ल मध्ये विरघळला आणि "म्युलर" उरला. आडनावं पक्की व्हायला लागली ती साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकांत, त्या काळात गावच्या गिरणीवाल्याला हे नाव चिकटलं ते कायमचं.

आता मधला तो न लक्षात ठेवा, कारण ढकलपत्राचा मुडदा तिथेच पडतो. इंग्रजीतलं मिल्नर, हंगेरियनमधलं मोल्नार, चेकमधलं म्लिनार्श, इटालियनमधलं मोलिनारी, स्पॅनिशमधलं मोलिनेरो, सगळे गिरणीवाले, सगळ्यांत तो न शाबूत. जर्मन म्युलरमध्ये तो गळाला. "मूल" पासून हे नाव आलं म्हणता? मग हा न सगळ्या युरोपात कुठून उगवला? आणि शेवटचा "र"? तोही लॅटिनचाच, "आरियुस" या प्रत्ययाचा उरलेला तुकडा. शिक्षकाला "लेहरर", पाव भाजणाऱ्याला "बेकर" म्हणतात त्यातला तो "र". (आमचा आर्किटेक्ट म्हणाला, तो पुणेकर-नागपूरकर मधला "कर" असेल. आता बोला!)

डोक्यावर दोन टिंबं असलेला तो यू, त्यालाही कारण आहे. "मुलिनारी" मध्ये उ नंतर इ होता. त्या येणाऱ्या इ च्या ओढीने जीभ आधीच पुढे सरकली आणि उ चा उच्चार बदलला. पुढे इ गळून गेला, बदललेला उ मात्र राहिला. फाइल डिलीट झाली तरी लॉगमध्ये नोंद राहते ना, तसं. ती दोन टिंबं म्हणजे "इथे एके काळी इ होता" अशी नोंद आहे. ज्याला ही नोंद वाचता येत नाही त्याने व्युत्पत्ती सांगू नये.

लॅटिन शब्द जर्मन जंगलात कसा घुसला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर सोपं आहे, यंत्राबरोबर. पाण्यावर चालणारी गिरणी रोमन लोकांनी आणली. आउसोनियुस नावाच्या रोमन कवीने इसवी सन ३७१ च्या सुमारास मोझेल नदीवर काव्य लिहिलं, त्यात तिच्या एका उपनदीवरच्या पाणचक्क्यांचा उल्लेख आहे. भिंत, कौल, खिडकी, तळघर, द्राक्षाची दारू, यांचे जर्मन शब्दही असेच लॅटिनमधून आलेले. वस्तू नवी, शब्द नवा. आपण नाही का पोर्तुगीजांकडून चावी, पाव, बटाटा आणि पगार घेतला? पगार हा शब्द परका म्हणून कोणी पगार परत केल्याचं ऐकिवात नाही.

आणि हे आडनाव जर्मनीत सगळ्यात जास्त का? गावात शेतकरी पन्नास, त्यामुळे "शेतकरी" म्हणून कोणाची ओळख पटणार? गिरणीवाला मात्र गावात एकच. "कुठला हान्स?" "गिरणीवाला हान्स." झालं आडनाव. आणि गिरणी नाही असं गाव नाही, म्हणून गावोगाव एकेक म्युलर. आपल्याकडे गावात एकच कुलकर्णी असायचा आणि तरी आज कुलकर्णी ढिगाने आहेत, तोच हिशोब. लोहार आडनावाची म्हणजे श्मिट, श्मित्स, श्मिड अशी सगळी रूपं एकत्र केली तर लोहार पुढे जातात, पण ते वेगवेगळं स्पेलिंग करतात म्हणून पहिला नंबर म्युलरांचा. स्वित्झर्लंडमध्येही तेच सगळ्यात पुढे.

हा गिरणीवाला काही गावाचा लाडका नव्हता. जमीनदाराचा हुकूम असायचा, की दळण अमुकच गिरणीत न्यायचं, दुसरीकडे गेलात तर दंड. त्यामुळे गिरणीवाला पीठ मारतो असा संशय कायम. पुष्कळ ठिकाणी हा धंदा "अप्रतिष्ठित" धरला जाई आणि गिरणीवाल्याच्या पोराला कारागिरांच्या संघात प्रवेश मिळत नसे. सोळाव्या शतकात साम्राज्याला फर्मान काढून सांगावं लागलं, की यांना अप्रतिष्ठित समजू नका. ग्रिम बंधूंच्या गोष्टीत राजापुढे खोटी बढाई मारून पोरीला संकटात टाकणारा बाप कोण? गिरणीवालाच. पण त्याच गिरणीने एक फार सुंदर नियम दिला. तेराव्या शतकातल्या "झाक्सनश्पीगल" या कायदेग्रंथात आहे, की जो आधी गिरणीवर येईल त्याचं आधी दळायचं. जर्मन माणूस आजही रांगेच्या संदर्भात "दळणं" हेच क्रियापद वापरतो. आपण कॉलेजात "फर्स्ट इन फर्स्ट आउट" शिकलो तो क्यू म्हणजे पिठाच्या गिरणीतली डब्यांची रांग. आमच्या गल्लीतल्या गिरणीत ती अजून पाळली जाते, सुट्टीच्या दिवशी थोडी कमी.

एवढा चांगला, घामाचा, पिठाचा, भानगडींचा इतिहास एका आडनावाला आहे. तो पुसून त्या जागी "मोक्षाचं मूळ" चिकटवायचं, याला मी गौरव म्हणत नाही. एकदा आमच्याच टीममधल्या एकाने जेवणाच्या टेबलावर म्युलर आडनावाच्या जर्मन सहकाऱ्याला ही संस्कृत व्युत्पत्ती ऐकवली. तो बिचारा सभ्यपणे हसला आणि म्हणाला, की आमच्या घराण्यात मोक्ष कोणाला मिळाल्याचं माहीत नाही, पणजोबा दळत होते एवढं नक्की. आमच्या वीराला त्यातला टोमणा कळलाही नाही. मला मात्र घास गिळवेना. उद्या हाच म्युलर आपण खरं काही सांगितलं तरी तसंच सभ्यपणे हसेल, हे माझं खरं दुखणं आहे.

आता मूळ गृहस्थांकडे येऊ. फ्रीडरिश मॅक्स म्युलर, जन्म डेसाउ, ६ डिसेंबर १८२३. वडील विल्हेल्म म्युलर, कवी. गिरणीवाल्याच्या सुंदर पोरीवरची त्यांची कवितामालिका शूबर्टने १८२३ सालीच संगीतबद्ध केली. तिची सुरुवात बर्लिनच्या एका घरगुती मैफलीतल्या खेळात झाली, त्या खेळात गिरणीवाल्याचं काम विल्हेल्मकडे आलं, कारण आडनावच म्युलर! म्हणजे घरातल्या घरात या नावाचा अर्थ सगळ्यांना नीट ठाऊक होता. "मॅक्स" हे नाव वेबरच्या "फ्रायशुत्स" या ऑपेरातल्या मॅक्सवरून ठेवलेलं. आणि म्युलर हे पैशाला पासरी, म्हणून पुढे त्यांनी "मॅक्स म्युलर" हे दोन्ही मिळून आडनावासारखं वापरायला सुरुवात केली. जगातल्या इतर म्युलरांपासून वेगळं दिसावं, इतकं साधं कारण. डेटाबेसवाले याला काँपोझिट की म्हणतील.

मग "मोक्षमूलर" आलं कुठून? तेही खरंच आहे. सायणभाष्यासह ऋग्वेदाची जी सहा खंडांची आवृत्ती त्यांनी १८४९ ते १८७४ या काळात काढली, तिच्या संस्कृत मुखपृष्ठावर ते स्वतःला मोक्षमूलर भट्ट म्हणवतात, जर्मनीला शार्मण्यदेश आणि ऑक्सफर्डला गोतीर्थ. ऑक्सफर्ड म्हणजे बैल पार होतात तो उतार, म्हणून गोतीर्थ, हे भाषांतर झकासच आहे. पण हा पंडिती खेळ आहे, आणि तो युरोपात नवा नव्हता. शेकडो वर्षं जर्मन विद्वान आपली नावं लॅटिन-ग्रीकमध्ये घालत आले. कित्येक म्युलरांनी स्वतःला "मोलिटोर" किंवा "मिलियुस" करून घेतलं. ल्यूथरचा सहकारी मेलांख्थोन, त्याचं घरचं आडनाव श्वार्त्सएर्ट, म्हणजे काळी माती, त्याचंच ग्रीक रूप. ऋग्वेदाच्या संपादकाने लॅटिनऐवजी संस्कृत अंगरखा घातला, एवढंच. म्हणजे ज्या कागदाला आपण पुरावा म्हणून नाचवतो, तो त्या माणसाने हौसेने घातलेला वेष आहे. त्यावरून नाव संस्कृत ठरवणं म्हणजे कोटिंगला लाकूड समजणं.

आणि "शर्मण्य"? जर्मन लोक स्वतःला जर्मन म्हणतच नाहीत हो! ते स्वतःला "डॉइच" म्हणतात, आणि तो शब्द "लोक, जनता" या अर्थाच्या जुन्या जर्मानिक शब्दापासून आला. "जर्मन" हे रोमनांनी रूढ केलेलं नाव. शर्मा मंडळींनी उगीच व्हिसाशिवाय तिथे जाऊ नये.

गंमत अशी, की कानाला सारखं लागणं म्हणजे नातं नव्हे, हे लंडनमध्ये १८६१ आणि १८६३ साली भाषाशास्त्रावर व्याख्यानं देताना ठासून सांगणारा माणूस म्हणजे हाच मॅक्स म्युलर. त्याच्याच नावावर नेमका तोच प्रयोग! व्हॅटिकन म्हणजे वाटिका सांगणाऱ्या पु. ना. ओकांची परंपरा आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, आणि तिचं सगळ्यात मोठं पाप खोटेपणा हे नाही. खऱ्या नात्यावर ती पडदा टाकते, हे आहे.

कारण खरं नातं आहे. संस्कृत आणि जर्मन या एकाच आजीच्या नाती आहेत, आणि तिथे नियम चालतो. संस्कृतचा प जर्मनमध्ये फ होतो. पितृ आणि फाटर. पाद आणि फूस. पंच आणि फ्युन्फ. पूर्ण आणि फोल. पशु आणि फी, म्हणजे गुरंढोरं. एखादं उदाहरण योगायोग म्हणाल, पाचांचं काय? याकोब ग्रिमने १८२२ साली हा नियम मांडला, म्हणून त्याला ग्रिमचा नियम म्हणतात. (हा तोच गोष्टींवाला ग्रिम. "फोक्सवागन" मधल्या व्ही चा फ का, तर जर्मन लिपीत व्ही हे अक्षर बहुतेक वेळा फ च असतं. चाकणला कारखाना झाला तरी आपण वोक्सवॅगनच म्हणत बसलोय.)

याच नियमात संस्कृतचा ग किंवा ज जर्मनमध्ये क होतो. गो आणि कू, म्हणजे गाय. जानु आणि क्नी, म्हणजे गुडघा. ज्ञा आणि केनन, म्हणजे ओळखणं. आता श्वास रोखून धरा. रोमन पाणचक्की येण्याआधी जर्मानिक लोक हातानं दळत होते, आणि त्या जात्याला त्यांचा स्वतःचा शब्द होता. जुन्या जर्मनमध्ये "क्विर्न". इंग्रजीत तो "क्वर्न" म्हणून अजून आहे. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलात गाढवाने ओढायच्या जात्यासाठी तोच शब्द आहे. नियमाप्रमाणे हा क संस्कृतमध्ये ग असायला हवा. आहे का? आहे. ग्रावन्! सोम कुटायचा दगड. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात या ग्रावांना उद्देशून अख्खी सूक्तं आहेत.

म्हणजे ज्या सूक्तांत तो दगड घणघणतो, ती सूक्तं छापून काढणाऱ्या माणसाच्या आडनावाने, म्हणजे लॅटिन "मोलिना" च्या वंशाने, त्या दगडाचा जर्मन भाऊबंद हुसकावून लावला. जर्मनीतल्या क्विर्नबाखसारख्या ग्रामनामांत तो तेवढा उरला. आणि "मॅक्स"? ते मॅक्सिमिलियनचं लघुरूप, त्याच्या मुळाशी लॅटिन "माक्सिमुस", सर्वांत मोठा. त्याचं संस्कृत नातेवाईक आहे "महत्", महाराष्ट्रातलं महा! मोक्षाचा इथे काही संबंध नाही. आता सांगा, ही गोष्ट जास्त भारी की ढकलपत्रातली? ही मुलांना सांगा की! पण नाही, हिला दोन मिनिटं जास्त लागतात.

लिथुआनियन भाषेत जात्यांना "गिर्नोस" म्हणतात, तोही ग्रावनचाच भाऊ. आपली "गिरणी" आठवली ना? मलाही आठवली. तेवढ्या साम्यावर मी एक पाऊलही पुढे टाकणार नाही. संस्कृतातून प्राकृतात, प्राकृतातून मराठीत अशी एकेक पायरी कोणी दाखवली तरच. शिस्त दुसऱ्यालाच लावायची असं थोडंच आहे?

ढकलपत्रवाल्यांच्या विरुद्ध टोकाला दुसरी टोळी आहे. ती म्हणते मॅक्स म्युलर म्हणजे पक्का इंग्रजांचा हस्तक, त्याचं नावही घेऊ नका. ईस्ट इंडिया कंपनीने छपाईला पैसे दिले हे खरं, त्यांनी भारतात कधी पाऊल टाकलं नाही हेही खरं, त्यांची बरीच मतं आज टिकत नाहीत. पण टिळकांनी काय केलं बघा. म्युलरांनी वेदांचा काळ फार अलीकडचा ठरवला होता, तो टिळकांनी १८९३ च्या "ओरायन" मध्ये नक्षत्रांच्या आधारे खोडून काढायचा प्रयत्न केला. उघड, पुरावे मांडून. १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेच्या अर्जावर सही करणाऱ्यांत हेच म्युलर होते, आणि तुरुंगात टिळकांना ऋग्वेदाची आपली आवृत्तीही त्यांनी पाठवली. १८९८ मध्ये टिळक सुटले. भांडायचं तर असं भांडावं. आज दोन्ही टोळ्यांनी मिळून त्या माणसाचं एक पान वाचलेलं नसतं.

आमच्या धंद्यातही हाच रोग आहे, त्याबद्दल चार ओळी लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही. दोन टिंबांचा यू कळफलकावर नसेल तर जर्मन लोक यू-ई लिहितात. ही पळवाट नव्हे. पूर्वी यू च्या डोक्यावर छोटा ई च काढत, जुन्या हस्ताक्षरात तो ई दोन रेघांसारखा दिसे, त्याचीच पुढे दोन टिंबं झाली. पासपोर्टवरही वर टिंबांचा म्युलर असतो आणि खाली मशीनने वाचायच्या ओळीत यू-ई वाला. जर्मन मानक डीआयएन ५००७ मध्ये तर अकारविल्हेचे दोन प्रकार आहेत, शब्दकोशात हा यू साध्या यू सारखा धरायचा आणि फोनबुकात यू-ई सारखा. इथवर ठीक. पण मी एका कंपनीचा जुना डेटा बघत होतो, तिथे कोण्या हुशार माणसाने उलटी पळवली होती. जिथे जिथे यू-ई दिसेल तिथे टिंबवाला यू घाला. झालं! बाउअर नावाच्या सगळ्या शेतकऱ्यांच्या आडनावाचा चुथडा, मानुएल आणि सामुएल टिंबं मिरवतायत. ग्योएटं हा महाकवी ओ-ई नेच लिहितात, त्याला टिंबं दिली तर जर्मन मास्तर कान उपटेल. आणि ज्योस्ट वाटणारं "झोस्ट" हे गाव, त्यातला ई तर नुसता ओ लांबवण्यासाठी आहे. नियम एका दिशेने चालतो, उलट चालवायचा तर त्या प्रत्येक नावाचा इतिहास माहीत पाहिजे. अक्षरं जुळली म्हणून पळवलेली रेग्युलर एक्स्प्रेशन आणि आवाज जुळला म्हणून सांगितलेली व्युत्पत्ती, दोन्ही एकाच कुळातल्या.

आता उच्चार. ज्यांना नुसतं हेच हवं होतं त्यांनी वरचं सगळं सोसलं, आभार. "मि" म्हणा, ऱ्हस्व. जीभ तिथेच ठेवा, अजिबात हलवू नका, आणि ओठांचा मात्र "मु" म्हणतानासारखा चंबू करा. जो आवाज येईल तो बरोबर. दोन एल म्हणजे ल चं द्वित्त नव्हे, आधीचा स्वर ऱ्हस्व आहे एवढंच ते सांगतात, त्यामुळे "मुल्लर" हा मल्लासारखा उच्चार चुकीचा. शेवटचा र बहुतेक जर्मन म्हणतच नाहीत, तिथे अ आणि आ च्या मधलं काहीतरी तुटक येतं. कानाला "म्युला" च्या जवळ लागेल. त्यात स्पष्ट य नाही, तो इंग्रजांनी घुसडला.

देवनागरीत या स्वराला चिन्ह नाही. मी "म्युलर" लिहितो, य चा दोष पत्करून, कारण नुसत्या "मुलर" मध्ये जीभ मागे जाते. पुण्यातल्या भवनाला लोक मॅक्समुल्लर भवन म्हणतात, रिक्षावाल्याशी मी त्यावर वाद घालत नाही. दीर्घ "मूलर" मात्र कृपा करून लिहू नका. स्वर ऱ्हस्व आहे हे एक, आणि त्या दीर्घ ऊ मधूनच मूल उगवतं, मग मोक्ष, मग शर्मण्य, मग सोमवारी सकाळी माझ्या फोनवर पुन्हा ते ढकलपत्र.